कॉपर ॲसिटेटमधले जोड-स्पिन: गुई बॅलन्स आणि द्रव नायट्रोजनवर केलेल्या मोजमापाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर. नमुना कोणता आणि का

कमी मितीच्या क्वांटम चुंबकांमध्ये स्पिन-साखळीचं नाव आधी निघतं. पण कॉपर पायराझिन डायनायट्रेटसारख्या साखळीत ससेप्टिबिलिटीचा (पदार्थ चुंबकाला किती प्रतिसाद देतो त्याच्या मापाचा) उंचवटा साडेसहा केल्विनच्या आसपास येतो. म्हणजे द्रव हीलियम आलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेचा विषय तिथेच संपला. कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेटमध्ये कॉपरचे दोन-दोन आयन ॲसिटेटच्या चार पुलांनी बांधलेले असतात आणि त्यांच्यातलं अंतर साधारण २.६२ अँगस्ट्रॉम असतं. दोन अर्ध्या स्पिनची जोडी खाली सिंगलेट (स्पिन उलटसुलट, चुंबकत्व शून्य) आणि वर ट्रिपलेट (स्पिन एका दिशेला, चुंबकीय) बनवते. दोन्हींमधलं ऊर्जेचं अंतर सुमारे ४२० केल्विन, म्हणजे खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनपर्यंतच्या (७७ केल्विन) पट्ट्यातच सगळा खेळ उरकतो.

१९५१ मध्ये बी. सी. गुहा यांनी या क्षाराची ससेप्टिबिलिटी थंडीत घसरते हे मोजून दाखवलं. १९५२ मध्ये ब्लीनी आणि बोवर्स यांनी ईएसआरवरून (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) इथे कॉपर जोडीने असले पाहिजेत असा निष्कर्ष काढला. क्ष-किरणांनी ती जोडी प्रत्यक्ष दाखवली १९५३ मध्ये. आपल्याला इथे नवीन काही सिद्ध करायचं नाही. तराजू, विद्युतचुंबक आणि थर्मास एवढ्यावर हे ऊर्जेचं अंतर किती नेमकं काढता येतं, ते पाहायचं आहे. गुई बॅलन्स म्हणजे हेच: तराजूला लटकवलेली नमुन्याची नळी चुंबक चालू केल्यावर जितकी खाली ओढली जाते, तो ओढा वजनात मोजून ससेप्टिबिलिटी काढायची.

वापरायचं सूत्र असं. एका कॉपरमागे, सीजीएस एककांत: ससेप्टिबिलिटी = ०.३७५ × (जी चा वर्ग) ÷ तापमान ÷ [३ + ई चा घात (अंतर ÷ तापमान)]. इथे जी म्हणजे कॉपरच्या स्पिनचा चुंबकीय गुणक. वेगवेगळ्या लेखांत विनिमय स्थिरांक (दोन स्पिनमधल्या बांधणीचं माप) कधी जे, कधी दोन जे असा लिहिलेला असतो आणि चिन्हही बदलतं. त्या गोंधळात पडूच नये. सिंगलेट-ट्रिपलेट अंतर थेट केल्विनमध्ये लिहावं. सेंटिमीटर-व्यस्तात दिलेला आकडा १.४३८८ ने गुणला की झालं: २९६ चे ४२६ केल्विन होतात.

२१ नोव्हेंबर. शुद्धीकरण

बाटलीतला क्षार तसाच वापरू नये. त्यात एकटे पडलेले कॉपर असतात, बेसिक ॲसिटेटही असतं. आज साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून उकळवला. फ्लास्कच्या तळाशी फिकट निळसर-हिरवा गाळ बसला आणि कडेने तपकिरी कड आली. उकळत्या पाण्यात ॲसिटेटचं जलविघटन होतं आणि ॲसेटिक ॲसिड वाफेबरोबर उडून जातं. तो घाणा फेकला.

दुसऱ्या घाण्याला २ टक्के ॲसेटिक ॲसिडचं पाणी घेतलं: २५० मिलिलिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार, तापमान ८० अंशांच्या आत, उकळी येऊ द्यायची नाही. गरम असतानाच गाळलं आणि बीकर थर्माकोलच्या खोक्यात ठेवून दिला, म्हणजे सावकाश निवतो. थंड पाण्यात १०० मिलिलिटरला सात ग्रॅमच्या आसपास क्षार विरघळलेलाच राहतो, त्यामुळे हाती १६ ग्रॅमच्या पुढे जात नाही. द्रावण फेकू नका, पुढच्या घाण्याला लागतं. स्फटिक गडद हिरवट-निळे आले.

वाळवताना सांभाळा. ओव्हनमध्ये १०० अंशांवर किंवा निर्वात डेसिकेटरमध्ये ठेवला तर स्फटिकातलं पाणी निघायला लागतं. गाळणकागदात दाबून खोलीच्या हवेतच वाळवायचा.

२४ नोव्हेंबर. टायट्रेशन

किती कॉपर आहे हे कळल्याशिवाय चुंबकाकडे जाण्यात अर्थ नाही. मोनोहायड्रेटचं रेणुवजन एका कॉपरमागे १९९.६५, म्हणजे कॉपर ३१.८३ टक्के. निर्जल झाला तर तोच आकडा ३५ टक्क्यांवर जातो. ०.५ ग्रॅम नमुना, पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च, आणि ०.१ नॉर्मल हायपो (सोडियम थायोसल्फेट): अपेक्षित वाचन २५.०४ मिलिलिटर. हवेत वाळवलेल्या नमुन्याला २५.०, तर तुलनेसाठी ओव्हनमध्ये ठेवलेल्या चिमूटभर क्षाराला २६ च्या वर. ओव्हनचा नमुना रंगावरून ओळखू आला नसता.

टोकाच्या बिंदूजवळ थोडं थायोसायनेट टाकावं, नाहीतर आयोडीन गाळावर चिकटून राहतं आणि निळा रंग पुन्हा पुन्हा परततो.

२८ नोव्हेंबर. नळी भरणं आणि प्रमाणन

नळीचा आतला व्यास ५ मिलिमीटर, काच १ मिलिमीटर जाड, तळ सपाट. पावडर १२ सेंटिमीटर उंच भरायची: तळ ध्रुवांच्या बरोबर मध्ये, वरचं टोक क्षेत्राच्या बाहेर. १०० मेशच्या चाळणीतून गेलेली पावडर थोडी थोडी टाकून, प्रत्येक वेळी नळी लाकडी फळीवर तेवढ्याच उंचीवरून आपटून बसवली. एवढं करूनही नळी रिकामी करून परत भरली की उत्तर दोन-तीन टक्के हलतं. म्हणून पुढचा सगळा थंडीचा अभ्यास एकाच भरणीवर करायचा ठरलं. भरणीची चूक मग सर्व तापमानांना सारखीच लागते आणि गुणोत्तरातून निघून जाते.

थर्मास बसायला ध्रुवांमध्ये तीन सेंटिमीटर फट लागते, त्यामुळे क्षेत्र ०.५ टेस्लाच्या पुढे जात नाही. त्या क्षेत्रात खोलीच्या तापमानाला या नमुन्याचा ओढा साधारण १० मिलिग्रॅम येतो. तराजू ०.१ मिलिग्रॅमचा, म्हणजे मुळातच एक टक्का.

प्रमाणनासाठी मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) घेतलं. त्याची ग्रॅम-ससेप्टिबिलिटी ९५०० ÷ (तापमान + १), दशलक्षांशांत. पाऱ्याचं कोबाल्ट थायोसायनेट जास्त नेमकं मानतात, पण शिकाऊ हातांत पाऱ्याची पावडर द्यायला नको. मोहर सॉल्ट ताजं, फिकट हिरवंच हवं. तपकिरी झाक आली की फेरसचं फेरिक व्हायला लागलं असं समजावं.

बल क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे जातं, त्यामुळे प्रवाहात एक टक्का चूक म्हणजे उत्तरात दोन टक्के. गुंडाळी तापते आणि साध्या पुरवठ्यावर प्रवाह उतरत जातो. स्थिर-प्रवाहाचा पुरवठा लावला, आणि वाचन नेहमी बंद-चालू-बंद या क्रमाने घेतलं. दोन ‘बंद’ वाचनांची सरासरी वजा केली की तराजूची सावकाश सरक निघून जाते.

३० नोव्हेंबर. खोलीचं तापमान

रिकाम्या नळीचा ओढा उणे २.३ मिलिग्रॅम (काच प्रतिचुंबकीय, म्हणजे क्षेत्राबाहेर ढकलली जाणारी). तो वजा करून नमुन्याचा निव्वळ १०.१. ॲसिटेट, पाणी आणि कॉपर-गाभ्याची प्रतिचुंबकीय दुरुस्ती एका कॉपरमागे उणे ८४ दशलक्षांश धरली. परिणामी चुंबकीय आघूर्ण १.४५ बोहर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक), तर सुट्या कॉपरचं नुसत्या स्पिनचं १.७३ असतं. खोलीच्या तापमानालाच स्पिन एकमेकांना बऱ्यापैकी मारत आहेत, हे एवढ्यावरून दिसतं.

५ डिसेंबर. पहिली थंडी

नळी थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडली तर उकळीने तराजू ठरत नाही, शेवटचे दोन आकडे नाचत राहतात. म्हणून नळीभोवती खालून बंद असलेली काचेची बाहेरची नळी आणि तिच्याबाहेर द्रव नायट्रोजन, अशी रचना केली. उष्णता मधल्या वायूतून जाते आणि तराजू शांत राहतो.

नंतरची अडचण लटकवण्याच्या दोऱ्याची. सुती दोरा ओल धरतो, तोंडाशी त्यावर दव गोठतं आणि वजन वाढतच जातं. नायलॉन कोरड्या हवेत विद्युतभारित होतो आणि नळी काचेला जाऊन चिकटते. ०.१ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने दोन्ही त्रास गेले. तोंडावर मधोमध बारीक भोक असलेलं झाकण ठेवलं, कारण उघड्या तोंडातून थंड वायूचा झोत वर येऊन पलड्याला लागतो. झाकण सैलच ठेवायचं. द्रव नायट्रोजनच्या आसपास काहीही घट्ट बंद करायचं नाही.

९ डिसेंबर. ७७ केल्विनला नमुना गायब

तपासणी म्हणून आधी कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट लावलं. त्याच्यातला विनिमय काही केल्विनचाच आहे, त्यामुळे ७७ पर्यंत ते साध्या क्युरी नियमाने (ससेप्टिबिलिटी तापमानाच्या व्यस्त प्रमाणात) वागतं. ओढा खोलीत साडेसतरा मिलिग्रॅम होता, थंडीत ६६ पर्यंत चढला. अपेक्षा ६८ ची होती. तीन टक्क्यांचा फरक भरणीच्या नावावर टाकला आणि रचना ठीक आहे असं धरलं.

मग कॉपर ॲसिटेट लावलं. ७७ केल्विनला निव्वळ ओढा शून्याच्या जवळ, कधी चक्क ऋण, आणि स्थिरही नाही. शुद्ध जोडीला इथे ०.८ मिलिग्रॅम यायला हवं.

हिशेब असा. ७७ ला जोडीचा स्पिनभाग ८९ दशलक्षांश, तापमानावर न अवलंबणारा भाग ६०, प्रतिचुंबकीय उणे ८४. बेरीज फक्त ६५, म्हणजे खोलीतल्या ओढ्याच्या बारावा हिस्साही धड नाही. आणि मधल्या नळीत वायू म्हणून साधी हवा होती. हवेतला ऑक्सिजन परचुंबकीय आहे, म्हणजे क्षेत्राकडे ओढला जातो. ७७ ला हवा चौपट दाट होते आणि ऑक्सिजनची प्रत्येक रेणूमागची ससेप्टिबिलिटीही चौपट होते, म्हणजे घनफळामागे सोळापट. नमुन्याच्या नळीने जेवढी हवा बाजूला सारली तेवढं बल उलट्या दिशेने लागतं: आपल्या नळीला सव्वादोन मिलिग्रॅम. रिकाम्या नळीची दुरुस्ती मात्र खोलीच्या तापमानाची होती, म्हणून हे बल कुठेच वजा झालेलं नव्हतं. शिवाय ७७ ला हवेतला ऑक्सिजन द्रव होण्याच्या अगदी कडेवर असतो, त्यामुळे वाचन ठरत नाही.

कॉपर सल्फेटमध्ये हेच दोन मिलिग्रॅम होते, पण ६८ च्या ओढ्यात ते तीन टक्के म्हणून लपून गेले. अशा प्रयोगात मोठ्या ओढ्याचा नमुना तपासणीला घेऊ नये. खरी तपासणी थंडीतल्या रिकाम्या नळीची.

उपाय: मधल्या नळीत कोरड्या नायट्रोजन वायूचा बारीक प्रवाह आधी अर्धा तास, मग थंड करणं सुरू. रिकाम्या नळीचा ओढा प्रत्येक तापमानाला वेगळा मोजायचा. नायट्रोजन भरल्यावर रिकामी नळी ७७ लाही उणे २.३ च्या आसपासच राहिली.

जाता जाता एक सावधगिरी: द्रव नायट्रोजनचं भांडं तासन्‌तास उघडं राहिलं आणि द्रवात निळसर झाक दिसली तर ऑक्सिजन साठला आहे असं समजावं. तेल, ॲसिटोन, कापूस त्याच्या जवळ आणायचं नाही.

१२ डिसेंबर. ७७ चा आकडा म्हणजे अशुद्धीचा तराजू

नायट्रोजनमध्ये मोजल्यावर बाटलीतल्या, पुनर्स्फटिकीकरण न केलेल्या क्षाराला ७७ वर २.२ मिलिग्रॅम आलं. अपेक्षा ०.८ ची. जास्तीचं सगळं एकट्या कॉपरचं. एकटा कॉपर ७७ ला एका मोलमागे ५७०० दशलक्षांश देतो, जोडीतला ८९. म्हणजे शंभरात एक कॉपर सुटा असला तरी जोडीच्या वाट्यात दोन-तृतीयांश भर पडते. २.२ चा अर्थ साधारण दोन टक्के सुटे कॉपर. २१ नोव्हेंबरच्या, सावकाश निवलेल्या स्फटिकांना १.२ आलं, म्हणजे ०.६ टक्के. भराभर बर्फात निववलेल्या घाण्याचे बारीक स्फटिक या दोहोंच्या मधे पडले. ते द्रावण आत अडकवून घेतात.

पुनर्स्फटिकीकरण आणखी एकदा करून पाहिलं. आकडा तराजूच्या चुकीपेक्षा जास्त हलला नाही, तेव्हा तिथेच थांबलो.

१६ डिसेंबर. तापमान कोणाचं मोजतोय?

लटकत्या नळीला थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक जोड) लावता येत नाही. शेजारी तेवढीच पावडर भरलेली दुसरी नळी ठेवून तिच्यात जोड पुरला. के-प्रकारचा थर्मोकपल घेऊ नये: त्याची एक तार ॲल्युमेलची, आणि ती फेरोचुंबकीय असल्यामुळे क्षेत्रात ओढली जाते. टी-प्रकार, तांबं आणि कॉन्स्टंटन, वापरला. ७७ वर साडेपाच मिलिव्होल्टच्या आसपास ऋण वाचन येतं, आलं.

आधी जोड नुसत्या वायूत ठेवून, द्रव नायट्रोजन संपल्यावर रचना आपोआप तापू देत वाचनं घेतली होती. थंड होताना आणि तापताना दोन वेगळ्या रेषा आल्या. पावडर उष्णतेची वाईट वाहक असते आणि वायूच्या मागे काही केल्विन रेंगाळते. या क्षारात ते महागात पडतं: १५० केल्विनला ससेप्टिबिलिटी दर केल्विनला एक टक्का बदलते, १२० ला जवळजवळ दोन टक्के. तीन केल्विनचं रेंगाळणं १२० ला सहा टक्के चूक देतं.

पावडरीत पुरलेला जोड आणि बाहेर कापसाऐवजी परलाइटचा जाड थर, असं केल्यावर तापण्याचा वेग मिनिटाला अर्धा केल्विनवर आला आणि दोन्ही रेषा चुकीच्या मर्यादेत एकमेकींवर बसल्या. एका फेरीला मात्र पूर्ण दिवस जातो.

१९ डिसेंबर. स्थिर तापमानं

सरकत्या तापमानावर भरवसा ठेवण्याआधी दोन स्थिर बिंदू घेतले: वितळता बर्फ, २७३.१५, आणि कोरड्या बर्फाचा भुगा, १९४.७ केल्विन. (भुगा ॲसिटोनमध्ये कालवलेला, ऑक्सिजनचा धोका इथे नाही, पण ज्योत दूर.) दुरुस्त्या करून या दोहोंचं गुणोत्तर ०.९२ आलं. अंतर ४२६ असेल तर ०.९१३ यायला हवं, ४१० असेल तर ०.९३६. एक टक्का चूक म्हणजे अंतरात साडेसहा-सात केल्विन. दोन बादल्यांच्या मोजमापाला हे वाईट नाही, आणि ज्यांच्याकडे द्रव नायट्रोजन नाही त्यांनी इथवरच थांबलं तरी चालेल.

उंचवट्याविषयी. सूत्रानुसार शिखर तापमान = अंतर ÷ १.६०४, म्हणजे २५५ ते २६५ केल्विनच्या दरम्यान. ते ‘पकडायचा’ मोह सगळ्यांना होतो. ३०० केल्विनला स्पिनभाग ८१८ दशलक्षांश आणि शिखरावर ८२७. फरक एक टक्का. आपल्या तराजूची चूकही एक टक्का. तिथे कितीही बिंदू घेतले तरी सपाट माळरानच दिसणार. तेवढा वेळ १२० ते २०० च्या उतारावर घालवावा.

२३ डिसेंबर. जुळवणी

जुळवणीत चार अज्ञात येतात: अंतर, जी, सुट्या कॉपरचा अंश, आणि तापमानावर न अवलंबणारा भाग. चारही मोकळे सोडले तर संगणक काहीही उत्तर देतो आणि वक्र तरीही सुंदर बसतो.

तापमानावर न अवलंबणारा भाग शून्य धरला तर जी २.२४ वर चढला, अंतर खाली आलं आणि सुट्या कॉपरचा अंश एक टक्क्याने फुगला. कारण ७७ ला ६० दशलक्षांश आणि एक टक्का सुटे कॉपर जवळपास सारखेच दिसतात. म्हणून तो ६० वर बांधला. जी सुद्धा ईएसआरवरून येणाऱ्या सरासरीवर, २.१६ वर, बांधला. त्याऐवजी भरणीच्या चुकीसाठी एक गुणक मोकळा ठेवला, आणि तो १.०२ आला, म्हणजे भरणीच्या दोन-तीन टक्क्यांतच.

उरलं अंतर आणि सुट्यांचा अंश. उत्तर: ४२१ केल्विन, चूक आठ केल्विन, सुटे ०.६ टक्के. ७७ चा बिंदू काढून टाकला की अंश मोकाट सुटतो आणि त्याच्याबरोबर अंतरही सरकतं. उलट २३० च्या वरचे सगळे बिंदू काढले तरी अंतर दोन केल्विनपेक्षा जास्त हललं नाही.

प्रतिचुंबकीय दुरुस्ती ८४ ऐवजी ८० किंवा ८८ धरून पाहिली. अंतर फारसं हललं नाही, सुट्यांचा अंश मात्र हलला, जवळपास ०.०७ टक्के. तेव्हा ०.६ चा दुसरा अंक छापण्यात अर्थ नाही.

२७ डिसेंबर. खर्च, वेळ आणि उरलेलं

क्षार आणि बाकीची रसायनं मिळून दोन हजारांच्या आत. द्रव नायट्रोजन एका पूर्ण फेरीला चार-पाच लिटर. निम्मं काच थंड करण्यातच जातं, म्हणून रिकाम्या नळीची आणि नमुन्याची फेरी एकाच दिवशी लावली तर वाचतं. परलाइट रोपवाटिकेतून आणलं. सर्वांत जास्त वेळ हवा भरलेल्या नळीच्या वाचनांनी खाल्ला. ती सगळी टाकून द्यावी लागली, कारण आत ऑक्सिजन किती द्रव झाला होता ते मागाहून कळायला मार्ग नाही.

भरलेली नळी रिकामी केलेली नाही. तोंडाला पॅराफिल्म लावून वजन लिहून ठेवलं आहे. पावसाळ्यात पुन्हा मोजताना आधी वजन तपासायचं. पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला असेल तर टायट्रेशनपासून सुरुवात.

याच नळीत पुढे कॉपर प्रोपिओनेट लावायचं आहे. त्यातही हीच जोडी असते, फक्त रेणुवजन आणि प्रतिचुंबकीय दुरुस्ती बदलते. तो क्षार बाजारातून न घेता बेसिक कॉपर कार्बोनेट आणि प्रोपिओनिक ॲसिडपासून करावा लागेल. फ्यूम कपाट हवंच, त्या ॲसिडचा वास कपड्यांतून जात नाही.